रेंज ट्रेकला ६० लिटरची सॅक कशाला?

एकाने रतनगड-कात्राबाई खिंड-हरिश्चंद्रगड या रेंज ट्रेकसाठी (म्हणजे डोंगररांगेतून सलग काही दिवस चालायचं) ६० लिटरची सॅक घेऊ का असं विचारलंय, माझं मत विचाराल तर नकोच, मोठी सॅक घेतली की ती भरतेच, आई जाता जाता अजून एक स्वेटर नि चिवड्याचा डबा कोंबणारच. ४० लिटर रग्गड झाली. आधी बाकीचं सामान जमवा आणि सॅक सगळ्यात शेवटी घ्या. हिवाळ्यात जाताय तर तंबूही घरीच राहू दे, दोन्ही गडांवर गुहा आहेत, मध्ये कुमशेत गावात विचारलं तर ओसरीवर पथारी टाकता येते.

फोमची मॅट बाहेर लटकवू नका, करवंदीच्या जाळीत अडकून चिंध्या होतात. ती सॅकच्या आत उभी गोल उलगडायची आणि मधल्या पोकळीत सामान भरायचं, बिनफ्रेमची हलकी सॅकसुद्धा मस्त ताठ राहते, पाठीला भांडं टोचत नाही. डाऊनची (मऊ पिसं भरलेली) स्लीपिंग बॅग हलकी असते मान्य, पण भिजली की आतली पिसं गोळा होऊन ऊब गायब, त्यामुळे जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच न्या. आणि स्टीलच्या बाटल्या कशाला राव, पाणीच मुळात लिटरला १ किलो, मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटल्या चालतात की.