मदत हवी आहे: द्राक्ष उत्पादक कंपनीला स्वतःचीच विमा कंपनी काढता येते का? (कॅप्टिव्ह इन्शुरन्स)

द्राक्षनिफाडकर

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. सभासद १८०, बागा साधारण ५०० एकर, बहुतेक थॉमसन जातीच्या. निम्मा माल युरोपला जातो. मी संचालक आहे आणि हिशेबही माझ्याच गळ्यात आहे.

हवामान आधारित फळपीक विमा आम्ही भरतो, आमचा हिस्सा विमा रकमेच्या ५ टक्के. पण पावसाची भरपाई हवामान केंद्राच्या आकड्यांवर ठरते. केंद्रावर पाऊस कमी नोंदला आणि माझ्या बागेत मणी तडकले, तर ते मोजायला कुणी येत नाही. हे एकवेळ सोसू. खरी भीती वेगळीच आहे. कंटेनर तिकडे पोचल्यावर मालातल्या फवारणीच्या औषधाच्या अंशावरून अडकला तर? २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनामुळे काय झालं ते इकडच्या प्रत्येक घराला आठवतंय. इथल्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हतं, तिकडच्या लॅबला ते सापडलं आणि माल अडकला. आमचा सागरी विमा वाटेतल्या नुकसानीचा आहे, असा नाकारलेला माल त्यात बसत नाही.

मावसभाऊ कॅलिफोर्नियात फ्रेस्नोजवळ बदामाच्या कंपनीत आहे. तो म्हणतो, त्यांची स्वतःची ‘कॅप्टिव्ह’ विमा कंपनी आहे. हप्ता तिथेच भरायचा, दावे कमी आले तर शिल्लक आपलीच. मी हे मीटिंगमध्ये सांगितलं तर एक काका म्हणाले, “म्हणजे आपली भिशीच की!” मला उत्तर सुचलं नाही.

एकरी ४,००० रुपये काढले तर वर्षाला २० लाख जमतात. भारतात असं करता येतं का? नसेल तर बर्म्युडात कंपनी काढतात म्हणे, ते जमेल का? जाणकारांनी सांगावं.

सॅक्रामेंटोकर

मी इथे कॅलिफोर्नियात विमा ब्रोकरकडे काम करतो. भावाला एक विचारा: त्यांच्या कॅप्टिव्हमध्ये नेमकं काय आहे? मी पैजेवर सांगतो, बदामाचं पीक नसणार. इथले शेतीवाले कॅप्टिव्हमध्ये मुख्यतः कामगार अपघात भरपाई, ट्रक-ट्रॅक्टर आणि दायित्वाचा विमा ठेवतात. पीक बहुतेक जण सरकारी अनुदानाच्या पीक विम्यातच ठेवतात. कारण साधं आहे. मजुरांचे अपघात वर्षभर थोडे थोडे होतात, त्यांचा अंदाज बांधता येतो आणि काळजी घेतली तर ते कमीही होतात. गारपीट एका दुपारी सगळ्यांना झोडपते.

शिवाय छोटे शेतकरी एकटे कॅप्टिव्ह काढत नाहीत, अनेक जण मिळून काढतात. पॉलिसी परवानाधारक विमा कंपनीच्या नावाने निघते, नुकसानीचा खालचा थर कॅप्टिव्ह उचलते, वरच्या मोठ्या नुकसानीला पुनर्विमा (म्हणजे विमा कंपनीने पुढे दुसऱ्या कंपनीकडे उतरवलेला विमा) असतो. त्यामुळे सगळा हप्ता घरात राहत नाही. परवानाधारक कंपनीचं नाव वापरल्याचं (फ्रंटिंगचं) शुल्क, जोखमीचं गणित मांडणारा ॲक्चुअरी, ऑडिट, सगळ्यांना वाटा जातो.

आणि एक धोक्याची सूचना. इथे छोट्या कॅप्टिव्हला अमेरिकी कर कायद्याच्या कलम ८३१(बी) खाली सवलत आहे. ठरावीक मर्यादेपर्यंत (२०२५ साठी २८.५ लाख डॉलर) हप्त्याच्या नफ्यावर कर नाही, फक्त गुंतवणुकीच्या उत्पन्नावर. त्यामुळे कर वाचवायलाच कॅप्टिव्ह काढणाऱ्यांची रांग लागली. २०१७ च्या अव्राहामी खटल्यात कर न्यायालयाने सरळ म्हटलं की हा विमाच नव्हे. हप्ते अवाच्या सवा, आणि कर खात्याची तपासणी सुरू होईपर्यंत एकही दावा केलेला नव्हता! कुणी ‘कर वाचेल’ म्हणून कॅप्टिव्ह विकत असेल तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

हिशेबनीस

मी सीए आहे, विम्याचा तज्ज्ञ नाही, तेवढं गृहीत धरून वाचा. भारतात विमा कंपनीला किमान भांडवल १०० कोटी लागतं. तुमच्या २० लाखांचं काय ते तुम्हीच बघा. बर्म्युडाचा रस्ताही सरळ नाही. भारतातल्या मालमत्तेचा विमा परदेशी कंपनीकडे उतरवायला इथल्या विमा नियामकाची आधी परवानगी लागते.

मग ‘विमा’ हा शब्द न वापरता तेच करू, असं मनात आलं असेल तर थांबा. ‘इतके भरा, नुकसान झालं की इतके मिळतील’ अशी हमी दिलीत की नाव काहीही ठेवा, तो विम्याचाच धंदा होतो. राखीव निधी मात्र उत्पादक कंपनीने ठेवायचाच असतो. त्यातून संचालक मंडळाने परिस्थिती पाहून मदत द्यायची, कुणालाही हक्क सांगता येणार नाही, अशी रचना वेगळी पडते. तीही ठराव करण्याआधी वकिलाकडून लेखी तपासून घ्या. आणि हप्ता हा खर्च म्हणून वजा होतो, निधीत टाकलेली रक्कम होत नाही. नफ्यावर कर भरून उरलेल्यातून ती काढावी लागते.

तुमचे काका चुकलेले नाहीत. भिशीत निदान प्रत्येकाचा नंबर कधीतरी लागतो. इथे सगळ्यांचा नंबर एकाच दिवशी लागू शकतो.

द्राक्षनिफाडकर

दोघांचे आभार. पुनर्विम्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रात्री हिशेब मांडला: फळ, पॅकिंग आणि भाडं धरून एक कंटेनर गेला की १५ ते २० लाखांचा फटका. म्हणजे वर्षभराची सगळी वर्गणी एका कंटेनरात जाते. आणि २०१० मध्ये सगळ्यांचा माल एकदमच अडकला होता, म्हणजे ही जोखीमही गारपिटीसारखीच निघाली.

आता असं सुचतंय: नाकारलेल्या मालाचा विमा परवानाधारक कंपनीकडे मागायचा, नुकसानीचा पहिला थोडा भाग आम्ही निधीतून सोसायचा आणि त्या बदल्यात हप्ता कमी करून घ्यायचा. हे रास्त आहे का?

सॅक्रामेंटोकर

रास्त आहे. पण विमा कंपनी पहिल्याच भेटीत विचारेल की मागच्या दहा वर्षांत किती कंटेनर गेले, किती अडकले, कशामुळे. कोणत्या बागेचा माल होता तेही लागेल. हे आहे का?

द्राक्षनिफाडकर

आहे, पण २०१९ च्या आधीच्या पॅकहाऊसच्या वह्या पोत्यात भरून माळ्यावर टाकल्यात.

हिशेबनीस

उंदरांच्या आधी पोचा.