महिलांची ‘कमरपट्टा कुस्ती’: शब्द बरोबर आहे का?

भाकरतुकडा: क्रीडाविषयक मजकूर मराठीत आणतेय. २०१७ च्या सप्टेंबरात तुर्कमेनिस्तानात, अश्गाबातला आशियाई इनडोअर आणि मार्शल आर्ट्स स्पर्धा झाल्या. त्यात महिलांची बेल्ट रेसलिंग होती. मी ‘महिलांची कमरपट्टा कुस्ती’ असं लिहिलं आणि मावशीला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, “सोन्याचा की चांदीचा?” महाराष्ट्र केसरीला गदा मिळते, तसा बायकांना कमरपट्टा मिळत असेल असं तिला वाटलं. तिचं काही चुकलं नाही. बाईच्या कमरेला कमरपट्टा म्हटला की मराठीत तो दागिनाच. मग नुसतं ‘पट्टा कुस्ती’ केलं, तर संपादकांनी खोडलं, लोकांना दांडपट्टा वाटेल म्हणाले. खेळ असा: दोघींनी एकमेकींचा पट्टा दोन्ही हातांनी धरायचा, सोडायचा नाही, समोरचीला तसंच उचलून पाठीवर पाडायचं. क्लासिक प्रकारात पाय लावायचा नाही, फ्रीस्टाइलमध्ये चालतो. याला शब्द सुचवा.

पंचगंगा: ताई, ‘पट्ट्याची कुस्ती’ लिहा. मातीवरची, मॅटवरची म्हणतो तशी पट्ट्याची. ‘ची’ लावलं की दांडपट्ट्याचा घोळ उरत नाही. आमच्या तालमीत जांघ्याला हात घालून उचलतात, मॅटवर तसं चालत नाही. पण म्हणून मातीवरच्या कुस्तीला कुणी ‘जांघिया कुस्ती’ म्हणत नाही.

शब्दकण: कुस्ती हा शब्द फारसीतला. आपल्याकडे मल्लयुद्ध आहे, मेखला आहे. ‘मेखला-मल्लयुद्ध’ का नको?

पंचगंगा: काका, तालमीतल्या कुठल्या पोरीला हा शब्द कळेल? आणि मेखला हाही दागिनाच की! मावशी परत तेच विचारणार.

चिकूवाडी: कुस्ती शब्दातच पट्टा आहे! आमच्या डहाणूला शेजारी इराणी (झरतुष्ट्री, पारशांच्याच धर्माच्या) आजी होत्या. रोज सकाळी ओट्यावर उभ्या राहून कमरेची लोकरीची दोरी सोडायच्या, दोन्ही हातांत धरून तिची टोकं झटकायच्या, मग कमरेभोवती तीन वेढे देऊन पुढे-मागे गाठी मारायच्या. ती दोरी ७२ धाग्यांची, आणि तिचं नाव कुस्ती. पहलवीत, म्हणजे मधल्या काळातल्या फारसीत, ‘कुस्तीग’ म्हणजे कमरेचा पट्टा, आणि झुंजीचं नाव त्यावरूनच आलं असं मानतात, कारण पैलवान एकमेकांचा पट्टा धरून झुंजायचे. म्हणजे पट्टा कुस्ती ही मूळची कुस्ती, बाकीच्यांना विशेषण लावायला हवं.

शब्दकण: मी तर लहानपणापासून ‘कुश्तन’ म्हणजे ठार मारणे, त्यावरून कुस्ती, असं ऐकत आलो.

चिकूवाडी: ते उच्चाराच्या साम्यानं जोडलेलं आहे. कुस्तीत पाठ टेकवायची असते, जीव घ्यायचा नसतो.

रानजाई: आमच्या बेळगावकडच्या मलप्रभा जाधवला विसरू नका! २०१८ ला जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत कुराशमध्ये, म्हणजे उझबेकांच्या कुस्तीत, ५२ किलोत कांस्य मिळवलं. रौप्यही भारतालाच, पिंकी बल्हाराला. तेव्हा मराठी पेपरांनी सरळ ‘कुराश’ छापलं आणि लोकांना कळलं. तसंच किरगिझांच्या पट्ट्याच्या कुस्तीला ‘अलिश’ म्हणा. ज्यांचा खेळ त्यांचा शब्द. कुराशमध्ये पाठीवर स्वच्छ पाडलं की पंच ‘हलाल’ म्हणतात, तेही मराठीत करत बसणार का?

पंचगंगा: त्याला आमच्याकडे चितपट म्हणतात, तेच लिहावं. मराठी माणसाला हलाल म्हटलं की मटणाचं दुकान आठवतं.

रानजाई: नमकहलाल आठवत नाही का? हलाल म्हणजे रीतीनं, हक्कानं मिळालेलं. चितपटमध्ये पाठ लागल्याचं कळतं, डाव रीतीत बसल्याचं कळत नाही. मला हा शब्द फार आवडतो.

भाकरतुकडा: कुराश वेगळी हो, तिथे जॅकेटही धरता येतं. माझ्या मजकुरात पट्टाच धरायचा आहे. आणि खेळणारीला काय म्हणू? ‘महिला पैलवान’ लिहिताना हात अडखळतो.

पंचगंगा: पैलवानच म्हणा. २०२३ ला सांगलीत प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, तेव्हा आमच्या चौकात सगळे ‘पैलवान आली, पैलवान आली’ म्हणत होते. ‘आली’ म्हटलं की बाई आहे हे कळतंच.

शब्दकण: ‘मल्ला’ हे रूप व्याकरणात बसतं.

पंचगंगा: व्याकरणात बसेल, आखाड्यात नाही बसणार.

चिकूवाडी: भाकरतुकडाताई, इराण्यांच्या कुस्तीला आपला जोडीदार शब्द आहेच की! बाळाच्या कमरेला बांधतात तो करदोटा.

शब्दकण: करगोटा.

रानजाई: आमच्या आजीच्या तोंडी करदोडा होता. काळ्या दोऱ्याचा. पोरगं चालायला लागलं की ती तोच मागून धरायची, पडू नये म्हणून.

शब्दकण: ‘कटिदोरा’वरून आलेला असावा. मग ‘ट’चा ‘र’ कसा झाला?

चिकूवाडी: करदोट्याला वेगळा धागा काढू या का?