दार बंदच राहतं तेव्हा : 'द हाउस ऑफ द डेव्हिल' खरंच भीतीदायक, की नुसताच संथ?

निशाचर

(कथानक शेवटापर्यंत उघड केलं आहे. पाहायचा असेल तर आधी पाहून या, मग वाचा.)

दिग्दर्शक टी वेस्टचा २००९ सालचा 'द हाउस ऑफ द डेव्हिल' काल रात्री तिसऱ्यांदा पाहिला. आजवर ज्यांना ज्यांना हा आग्रहाने दाखवला, त्यातल्या काहींनी अर्ध्यात मोबाइल हातात घेतला आणि काहींनी दुसऱ्या दिवशी सांगितलं की रात्री दिवा लावून झोपलो. मधलं मत कुणाचंच नाही. म्हणून हा धागा.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८० च्या दशकातली अमेरिका. सॅमंथा ही कॉलेजातली मुलगी हॉस्टेलला कंटाळून स्वतंत्र जागा बघते, पण पहिल्या महिन्याचं भाडं भरायला हातात पैसे नाहीत. बेबीसिटर हवी अशी जाहिरात दिसते. घर गावाबाहेर, आडबाजूला. तिथला काठी टेकत चालणारा उंच, अदबशीर गृहस्थ (टॉम नूनन, काय आवाज आहे त्या माणसाचा!) सांगतो की मूल नाहीच, वरच्या खोलीत म्हातारी आई आहे, तुम्ही फक्त घरात थांबा. ती नको म्हणते. तो पैसे वाढवत नेतो, आकडा ४०० डॉलरवर येतो आणि ती थांबते. त्याच रात्री चंद्रग्रहण आहे.

त्यानंतर बराच वेळ ती एकटी घरात फिरते. दिवे लावते, टीव्ही बघते, पिझ्झा मागवते, वॉकमन कानाला लावून नाचते. ज्याला लोक 'काहीच घडत नाही' म्हणतात तो हाच भाग. आणि माझ्या मते हाच चित्रपट आहे. शेवटची रक्ताची झटापट काढून टाकली असती तरी मला चाललं असतं.

एकच प्रसंग सांगतो. ती एका बंद दारापाशी येते. दार उघडत नाही. आणि कॅमेरा तिला बाहेर सोडून दाराच्या आत येतो. आत जमिनीवर प्रेतं पडली आहेत, या घरात खरे राहणारे लोक. आपल्याला दिसलं, तिला नाही. ती तिथून निघून जाते. या क्षणानंतर ती नुसती जिना उतरली तरी माझा जीव टांगणीला लागतो. घर तेच, पण आता ते घर मी बघतोय आणि ती बघत नाहीये.

उंबरठा

साफ असहमत. तुमचं दाराचं वर्णन वाचायला चित्रपटापेक्षा जास्त भीतीदायक वाटलं, हे आधी सांगतो.

थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेलं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला सांगा, म्हणजे वरच्या साध्या गप्पाही पंधरा मिनिटं खिळवून ठेवतील. न सांगता उडवलात तर पंधरा सेकंदांचा दचका. बरोबर. पण त्या उदाहरणात बॉम्बची वेळ ठरलेली आहे आणि समोर घड्याळ आहे. इथे सॅमंथाची मैत्रीण मेगन मारली जाते तेव्हाच बॉम्ब दिसला. तो प्रसंग अफाट आहे, मान्य. बंद पडलेला लायटर, काळोखातून अचानक पुढे आलेला हात, बेबीसिटर तू नाहीस का असा साधा प्रश्न, आणि गोळी. पण त्यानंतर घड्याळच नाही. कधी, कशाने, किती वेळात, कशाचाच पत्ता नाही. ताण आपोआप टिकत नाही, त्याला मधूनमधून इंधन लागतं. दिग्दर्शक ते घालत नाही आणि आपण त्याला संयम म्हणून नावाजतो.

शिवाय ही मुलगी तिथून निघत का नाही? मैत्रिणीने स्पष्ट सांगितलं होतं की इथे काहीतरी गडबड आहे.

निशाचर

@उंबरठा, घड्याळ आहे. पिझ्झा. ज्याने मेगनला मारलं तोच माणूस पिझ्झा घेऊन दारात येतो. आपण त्याचा चेहरा ओळखतो, ती ओळखत नाही, सुटे पैसे मोजून देते. त्या पिझ्झात गुंगीचं औषध आहे. तिने खाल्लेला घास हाच तुमचा पेटलेला वातीचा दोर. दुसऱ्यांदा पाहताना मी घशाकडेच बघत होतो, गिळते का म्हणून.

हिशेबनीस

'निघत का नाही' या प्रश्नावर. हा प्रश्न प्रत्येक भयपटाला विचारला जातो आणि बहुतेकांकडे उत्तर नसतं. या एका चित्रपटाकडे आहे, आणि ते पहिल्याच प्रसंगात दिलंय.

१९८१ ते १९९० या काळात अमेरिकेत केंद्र सरकारने ठरवलेलं किमान वेतन तासाला ३.३५ डॉलर होतं. ४०० डॉलर म्हणजे त्या दराने जवळपास ११९ तासांची मजुरी. रोज आठ तास धरले तर पंधरा दिवस. एका संध्याकाळीत. भाड्याची तारीख डोक्यावर असलेल्या मुलीला हे कुणी देऊ केलं तर ती आपल्या मनातली शंका स्वतःच दाबून टाकते. चित्रपट हे शब्दांत कुठेच मांडत बसत नाही. फक्त तो माणूस आकडा वाढवतो तेव्हा सॅमंथा झालेल्या जोसेलिन डोनाह्यूच्या चेहऱ्यावर भीती आणि हिशोब दोन्ही एकदम दिसतात. मी स्वतः विद्यार्थी असताना, नको वाटत असूनही, एक काम केवळ पैशांसाठी घेतलं होतं. वाईट काही झालं नाही, पण तिथे घालवलेल्या प्रत्येक तासाला पोटात जो खड्डा पडायचा तो मला या मधल्या भागात जसाच्या तसा भेटला. ती मूर्ख नाही. तिला भाडं भरायचंय.

कॅसेटवाला

जुनेपणाबद्दल अजून कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

हा चित्रपट १६ मिमी फिल्मवर घेतलाय. १६ मिमीची चौकट ३५ मिमीच्या तुलनेत बरीच लहान, ती पडद्याएवढी मोठी करताना फिल्मचे कण दिसू लागतात. अंधाऱ्या खोलीत हे कण सतत वळवळत असतात. कोपऱ्यात काही हललं की नुसतेच कण, हे डोळ्याला चटकन ठरवता येत नाही. डिजिटलमध्ये काळा रंग गप्प बसतो, इथे तो जिवंत असतो. संथपणा पचतो याचं निम्मं श्रेय मी या कणांना देईन.

दुसरं, झूम. आजकाल कॅमेरा रुळांवरून पुढे सरकतो, तेव्हा जवळच्या वस्तू झपाट्याने मागे जातात, लांबच्या हळू, आणि आपण स्वतः खोलीत शिरल्यासारखं वाटतं. झूममध्ये कॅमेरा जागचा हलत नाही, फक्त चित्र मोठं होतं. म्हणून झूम पाहताना आपण शिरत नाही, लांब उभं राहून कुणीतरी टक लावून बघतंय असं वाटतं. त्या दशकात झूम स्वस्त आणि झटपट म्हणून वापरत. इथे त्याचा अर्थ बदललाय. मुलीवर खरोखरच कुणाचीतरी नजर आहे.

सुरुवातीच्या नामावलीत चित्र गोठतं आणि पिवळी अक्षरं येतात. डीव्हीडी आली तेव्हा प्रसिद्धीसाठी याची व्हीएचएस कॅसेटही काढली होती, त्या जुन्या प्लॅस्टिकच्या फुगीर डबीत. मला ती डबी हवी आहे, अजून मिळालेली नाही.

घुबड

कॅसेटवाले, झूमचं पटलं. पण मला या चित्रपटाच्या जुनेपणाचा राग येतो, आणि तो राग पिवळ्या अक्षरांवर नाही.

सुरुवातीला पाटी येते. तिचा आशय असा, की १९८० च्या दशकात अमेरिकेतले ७० टक्क्यांहून जास्त प्रौढ लोक सैतानी पंथांच्या अस्तित्वावर विश्वास ठेवत होते, आणि पुढची गोष्ट सत्य घटनांवर आधारित आहे. कुठली सत्य घटना? त्या दशकात प्रत्यक्षात काय झालं ते बघा. कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीवर १९८३ मध्ये मुलांवरच्या अत्याचारांचे, त्यातही सैतानी विधींचे, आरोप झाले, १९९० पर्यंत खटला रेंगाळला, सुमारे दीड कोटी डॉलर खर्च झाले आणि एकावरही गुन्हा सिद्ध झाला नाही. एक आरोपी पाच वर्षं तुरुंगात होता. १९९२ मध्ये एफबीआयच्या केनेथ लॅनिंगने अहवाल लिहिला, त्यात संघटित सैतानी हत्याकांडांचा पुरावा सापडत नसल्याचं म्हटलं. म्हणजे लोक खरंच उद्ध्वस्त झाले, पण सैतानामुळे नव्हे, सैतान आहे असं मानणाऱ्या शेजाऱ्यांमुळे.

आणि १९८० साली जन्मलेला दिग्दर्शक २००९ मध्ये तीच अफवा खरी करून दाखवतो, त्या घरातले लोक खरोखरच सैतानी पंथाचे निघतात. वॉकमन अचूक, केसांची ठेवण अचूक, जीन्सची कंबर अचूक. दशकाची जखम मात्र उलटी. मला हे सुंदर वस्तुसंग्रहालय वाटतं, ज्यातली एक पाटी खोटी आहे.

हिशेबनीस

@घुबड, या अंगाने मी विचारच केला नव्हता. पण एक बघा. त्या खटल्यांमध्ये आरोपी कोण होते? मुलं सांभाळणारे. समाजाला भीती होती सांभाळायला ठेवलेल्या परक्या माणसाची. या चित्रपटात सांभाळायला आलेली मुलगी सावज आहे, आणि धोका आहे तो नीटनेटक्या कपड्यांतल्या, वयस्कर, घरंदाज जोडप्याकडून. मला ही अफवेची पुनरावृत्ती वाटत नाही. बोट ज्यांच्याकडे होतं त्यांच्याकडून ते घरमालकांकडे वळवलंय.

घुबड

मुद्दा चांगला आहे, आणि तो दिग्दर्शकाच्या मनात असेल तर मला आनंदच आहे. पण पाटीचं काय? 'सत्य घटना' हे शब्द भीती वाढवायला वापरले आहेत. ज्यांचं आयुष्य त्या शब्दांनीच मोडलं, त्यातले काही २००९ मध्ये हयात होते. मी इथून हलणार नाही.

निशाचर

घुबड, पाटीबाबत तुमचं बरोबर आहे. तीनदा पाहिला आणि तीनही वेळा ती पाटी मी 'जुन्या भयपटांची लकब' म्हणून सोडून दिली. आता तशी सोडता येणार नाही. मधल्या भागाबद्दलचं माझं मत मात्र तसूभरही बदललेलं नाही.

उंबरठा, तुम्हाला एक विनंती. हेडफोन लावून फक्त वॉकमनवर नाचण्याचा प्रसंग परत बघा. तिथे आपल्यालाही गाणंच ऐकू येतं. तोवर आपण करकरणाऱ्या फळ्या, पाइपातलं पाणी असं सगळं डोळ्यात तेल घालून ऐकत असतो, आणि नेमकं तेव्हाच दिग्दर्शक आपले कान काढून घेतो. ती जिन्यावरून, खोल्यांतून नाचतेय, पाठ उघड्या दारांकडे. काहीही आलं असतं. येत नाही. फुलदाणी फुटते एवढंच.

उंबरठा

पाहिला. तेवढाच नाही, तिथून शेवटापर्यंत.

नाचाचं कबूल. मी पहिल्यांदा त्याला वेळकाढूपणा म्हणून ढकलत पाहिला होता, बहुतेक आवाज कमी करून. या वेळी फुलदाणी फुटली तेव्हा खुर्चीतून उठलो. आणि कपाटात फोटो सापडतो, त्या घरच्या गाडीजवळ उभं वेगळंच कुटुंब, तिथे तिच्याआधी मला कळलं होतं आणि तिला कधी कळतंय याची मी वाट बघत होतो. म्हणजे घड्याळ होतं.

पण शेवटाबद्दल तुमचं 'काढून टाकला तरी चालेल' हे मला पटत नाही, आणि आता जास्तच पटत नाही. इतका वेळ एकेका खोलीला दिला, आणि ती बांधलेल्या अवस्थेत जागी झाल्यावर सगळं हातघाईवर. म्हातारीचा चेहरा झटक्यात दाखवून संपवला. जी नजर मघाशी झूममध्ये इतकी थंड होती ती इथे एकदम हलणारा, धावणारा कॅमेरा झाली. अपवाद फक्त अगदी शेवटची हॉस्पिटलची खोली. डोक्यात गोळी झाडून घेतलेली मुलगी वाचलीय, आणि नर्स पोटावर हात ठेवून अगदी मायेने सांगते की दोघंही बरे व्हाल. परत कॅमेरा शांत, परत मऊ आवाजातला परका माणूस, परत सांभाळायचं काम तिच्याच गळ्यात. सबंध शेवट त्या खोलीसारखा हवा होता.

कॅसेटवाला

उंबरठा, नर्सचा आवाज आणि सुरुवातीला फोनवर येणारा नूननचा आवाज लागोपाठ ऐकून बघा. दोघंही तिला तेवढ्याच हळुवारपणे सांगतात की काळजीचं काही नाही.