दूध-तूप न घालता केलेला भेटीचा खाऊ : तुमचे अनुभव

अबोली
परवा बंगळुरूहून भाच्याचा फोन आला. नाताळच्या सुट्टीत येतोय, संक्रांत करूनच जाईन म्हणाला. आणि त्याच दमात, "मावशी, मी दूध, तूप, मध सगळं सोडलंय. व्हीगन झालोय. माझ्यासाठी वेगळं काही करत बसू नकोस."

फोन ठेवला आणि आईचा दिवाळीतला तो वेगळा डबा आठवला. वडिलांचे एक स्नेही होते, दूध घ्यायचे नाहीत. "वासराच्या तोंडचं नको," एवढंच म्हणायचे. आई घरच्या फराळाआधी, कढई कोरी असतानाच, त्यांचं करून ठेवायची. तेलाचं मोहन घातलेल्या करंज्या, नारळाच्या दुधात भिजवलेले शंकरपाळे. चिवडा आणि चकलीत मुळातच दूध-तूप नसतं, ते सगळ्यांचं एकच. डब्याला सुतळी बांधायची, म्हणजे आमचे तुपाचे हात लागायला नकोत. आणि देताना "तुमच्यासाठी मुद्दाम केलंय" असं कधी म्हणाली नाही. इतरांना जसा डबा जायचा तसाच त्यांनाही.

मला ते फार मोलाचं वाटतं. "काही करू नकोस" म्हणणाऱ्याच्या मनात आपण लोकांना अडचण होतोय ही भीती असते, ती घालवायची तर सगळ्यांनाच तोच डबा द्यावा. म्हणून या वेळी शेजारी, भाचा, कामाच्या मावशी, सगळ्यांना एकच: तिळाची वडी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी. तुम्ही कुणासाठी असं केलं असेल, किंवा तुमच्यासाठी कुणी केलं असेल, तर लिहा. कृती जरूर द्या, पण आधी माणसाबद्दल सांगा.

खमंग फोडणी
मेतकूट!! वर्षभर पुरतं. मऊ भातावर तूप नको, कच्चं तेल आणि मेतकूट. भाचा खूश होईल बघ.

वेंगुर्लेकरीण
दोदोल करा, दोदोल. आमच्या शेजारच्या मावशी मूळच्या म्हापशाच्या. नाताळच्या आधी घरभर नारळाच्या दुधाचा वास. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, माडाचा काळा गूळ, चिमूटभर मीठ, संपलं. दूध नाही, तूप नाही, अंडं नाही. गूळ म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातूनच यायचा, ते काळे निमुळते गोळे.

खरं काम ढवळण्याचं. जाड बुडाचं भांडं, मंद आच, तासभर तरी हात थांबवायचा नाही. आधी नुसती पेज दिसते, मग घट्ट होतं, मग कडा सोडायला लागतं आणि शेवटी नारळाचं तेल वर सुटतं. ते सुटेपर्यंत उतरवायचं नाही. मावशी मुलांना पाळीपाळीने ढवळायला उभं करायच्या, हिंदू-ख्रिश्चन सगळी पोरं त्या रांगेत. ताटाला तेलाचा हात लावून थापायचं, वड्या दुसऱ्या दिवशी पाडायच्या. केळीच्या पानात बांधून घरोघरी. ज्या घरी त्या वर्षी कुणी गेलं असेल तिथेही पान जायचंच. त्या घरातून काही परत येणार नाही हे मावशींना माहीत असायचं.

अबोली
वेंगुर्लेकरीण, शेवटची ओळ वाचून थांबलेच. पुण्यात माडाचा गूळ मिळतो का?

वेंगुर्लेकरीण
कोकणी मालाच्या दुकानात विचार. नाहीच मिळाला तर साधा काळपट गूळ घे, चव थोडी वेगळी येते पण छान होतो.

सोनूची आई
आम्ही व्हीगन नाही, पण माझ्या लेकाला दुधाची ॲलर्जी आहे. दिवाळीत घरोघरची ताटं यायची आणि मी ती त्याच्यासमोरून उचलून ठेवायचे. तो मागायचाही नाही, तेच जास्त लागायचं.

एका वर्षी वरच्या मजल्यावरच्या आजी वही-पेन घेऊन आल्या. काय चालतं, काय नाही, सगळं लिहून घेतलं. खव्याला पर्याय काय, डालड्यात दूध असतं का, सगळं. मग नवीन झारा आणला, कारण जुना वर्षानुवर्षं तुपात बुडालेला. तेल नवं, परात घासून वेगळी. खोबरं-खारकेचे लाडू केले, डिंक तेलात फुलवून घातला. डब्यावर त्याचं नाव. लेकाने तो डबा शाळेत नेला, आणि पहिल्यांदा *त्याने* दुसऱ्यांना वाटलं.

करणाऱ्यांना एकच विनंती. व्हीगन माणसाला एखादवेळी तीच कढई चालेल, विचारून घ्या. ॲलर्जीवाल्याला नाही चालत. तुपाचा चमचासुद्धा नको.

रातराणी
सोनूची आई 🙏 नवीन झारा. अशा आजी सगळ्यांना मिळोत.

खमंग फोडणी
डोळे भरून आले. कुकरची शिट्टी झाली, नंतर येते.

डॅलसची काकू
इथे ऑफिसात डिसेंबरात सगळे घरून गोड करून आणतात, एकमेकांना वाटायचं. मी तिळाची वडी नेते. टीममधली एक मुलगी कडक व्हीगन, दरवर्षी बिचारी फळं खात बसायची. वडीत काय काय आहे विचारलं, मी म्हटलं तीळ, गूळ, दाण्याचं कूट, वेलची. तिने चार उचलल्या! आता नोव्हेंबरपासून विचारते.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. इथली काही उसाची साखर प्राण्यांच्या हाडांच्या कोळशातून गाळलेली असते, त्यामुळे साखर घ्यायची तर ऑरगॅनिक घ्यावी, तिला तो कोळसा लागत नाही. गुळाला हा प्रश्नच नाही. दुसरं, डब्यावर तीळ आणि शेंगदाणे ठळक लिहा. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून पाकिटावर तीळ हा ॲलर्जीचा पदार्थ म्हणून लिहावाच लागतो. म्हणजे त्याचा त्रास होणारे बरेच आहेत.

गुऱ्हाळ
गुळाचा विषय निघाला म्हणून. आमच्या कोल्हापूरकडे रसाची मळी काढायला रानभेंडीचा चिकट रस घालतात, तो मळी धरून वर आणतो. मी लहानपणी काहिलीजवळ उभा राहून बघत असे. गरम गूळ उसाच्या कांडीवर गुंडाळून द्यायचे. आता आमचं गुऱ्हाळ बंद आहे, ऊस कारखान्याला जातो. दुरून वास आला तरी पाय थांबतात.

रातराणी
काका यावर वेगळं लिहा ना, वाचायचंय

गुऱ्हाळ
लिहितो. तोडणी संपू दे.

हलवाईण
संक्रांतीचा काटेरी हलवा व्हीगनच, असं सगळे समजतात. पण साखरेच्या पाकाची मळी काढायला दूध घालायची पद्धत आहे. मी लिंबाचा रस घालते, पाक तितकाच स्वच्छ होतो. माझ्या सुनेच्या बहिणीच्या पहिल्या संक्रांतीचे दागिने तसेच केले, ती दूध घेत नाही. शेगडीवर परात, मंद आच, चमचा चमचा पाक आणि बोटांनी तीळ फिरवत राहायचे. थंडी कडक असेल तरच काटा उठतो. मुंबईत पहाटे उठून करावा लागतो. पण मंगळसूत्र, बाजूबंद, नारळ, सगळं घरचं. तिच्या आईने हात धरला आणि काही बोलल्याच नाहीत.

नागपुरी थंडी
बेसनाचे लाडू कुणी केलेत का तुपाशिवाय? बहिणीला द्यायचेत.

डॅलसची काकू
खोबरेल तेलात करते मी. वास नसलेलं रिफाइंड घ्यायचं. बेसन जाडसर, मंद आचेवर नेहमीसारखं खमंग भाजायचं. तूप घालतो त्यापेक्षा तेल थोडं कमी.

नागपुरी थंडी
वळतात नीट?

डॅलसची काकू
खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं. तुमच्याकडे डिसेंबरात अगदी छान वळतील.

दादरकर
आमच्याकडे डिसेंबरातही पंखा चालू असतो, इथे ते बसतील. मी काजू मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत फिरवतो, ते काजूचं लोणी भाजलेल्या बेसनात घालतो आणि तेल निम्मंच. लाडू धरून राहतो आणि चवही भरीव येते. बायको म्हणते तुपाचे ते तुपाचेच. मी म्हणतो दोन्ही ठेव ताटात. दोन्ही संपतात 😄

पावशेर
वरून वर्ख लावणार असाल तर पाकीट बघून घ्या. पूर्वी चांदी जनावरांच्या आतड्याच्या थरांत ठेवून कुटायचे. २०१६ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वर्ख बनवताना प्राणिजन्य वस्तू वापरायला बंदी केली. तरी मी सुटा वर्ख घेत नाही. बदामाचा काप पुरे.

रातराणी
बिस्किटांच्या पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे फक्त शाकाहारी, त्यात दूध असू शकतं. व्हीगनसाठी हिरवा व्ही असलेलं वेगळं चिन्ह २०२२ च्या नियमांत आलंय. मी भेटीत बाहेरचं काही घातलं तर तेच शोधते.

खमंग फोडणी
आले परत. शेंगदाण्याची चटणी सोलापुरी करणार असशील तर मिक्सर नको, खलबत्ता. दाणे, लसूण, तिखट, मीठ, जिरं. कुटता कुटता दाण्याचं तेल सुटतं आणि लाल चकचकीत होते. बरणी कोरडी ठणठणीत हवी.

सोनूची आई
जैन शेजारी असतील तर लसूण वगळून वेगळी बरणी. कारळ्याची द्या त्यांना.

नागपुरी थंडी
डबे परत येतात का हो कुणाकडे? माझे स्टीलचे गेले ते गेलेच.

हलवाईण
काचेच्या बरण्या द्यायच्या, जुन्या लोणच्याच्या. परत आल्या तर आल्या. आणि रिकाम्या पाठवत नाही कुणी, चार बोरं नाहीतर मूठभर हरभरा असतोच आत.

अबोली
किती छान लिहिताय सगळे. यादी बदलली! दोदोल घेतलाय, आणि काजू घालून बेसनाचे लाडू. वडीचा पाक मात्र दरवर्षी अंदाजाने करते, या वेळी प्रमाण हवंय.

हलवाईण
१ वाटी भाजलेले तीळ, पाऊण वाटी चिक्कीचा गूळ, पाव वाटी दाण्याचं कूट, वेलची. गूळ वितळवताना तुपाऐवजी चमचाभर तेल. पाकाचा थेंब पाण्यात टाकायचा. गोळी वळली की मऊ वडी, ताटात टाकल्यावर टणकन वाजली की कडक. भेटीला मऊच बरी, घरात वयस्क माणसं असतात. पोळपाटाला तेलाचा हात, भरभर लाटायची आणि गरम असतानाच कापायची.

दादरकर
चिक्कीचा गूळ नसेल तर?

हलवाईण
साध्या गुळाची वडी करू नका, लाडू वळा. हाताला पाणी लावून, गरम गरमच.