मालवणला पहिल्यांदाच स्कूबा डायव्हिंग : कानाच्या त्रासाबद्दल मदत हवी आहे

येत्या डिसेंबरमध्ये आम्ही चार दिवस तारकर्लीला जाणार असून, तेथे आयुष्यात पहिल्यांदाच स्कूबा डायव्हिंग करण्याची माझी आणि माझ्या सतरा वर्षांच्या मुलीची मनापासून इच्छा आहे. मला नीट पोहता येत नाही. परंतु अशा डायव्हमध्ये प्रशिक्षक सतत सोबत असल्यामुळे त्याची फारशी चिंता वाटत नाही.

खरी काळजी कानाची आहे. लहानपणी माझा उजवा कान वारंवार फुटत असे आणि आजही घाट उतरताना त्याला दडे बसतात. पाण्याखाली दर दहा मीटरला दाब एका वातावरणाइतका, म्हणजे समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाइतका वाढतो, आणि त्यातही पहिल्या काही मीटरमध्येच कानांवर सर्वाधिक ताण येतो, हे समजल्यापासून मी नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानांकडे ढकलण्याचा सराव करतो आहे. मात्र उजवा कान दर वेळी मोकळा होत नाही.

असा त्रास असताना कोणी डायव्हिंग केले आहे का? त्यापूर्वी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कोणती तपासणी करून घेतली? तोंडात रेग्युलेटर (टाकीतील हवा श्वासासाठी देणारे साधन) असताना बोलता येत नाही, तेव्हा कान दुखू लागल्याची खूण प्रशिक्षक आधी नीट शिकवतात का, आणि उथळ पाण्यात पुरेसा सराव करून घेतात का? परतीचा प्रवास रेल्वेने असल्याने डायव्हनंतर विमानापूर्वी किमान बारा तास थांबण्याचा प्रश्न नाही. मुलीला कसलाही त्रास नाही, त्यामुळे गरज पडल्यास ती एकटीच उतरेल. पण तिच्यासोबत पाण्याखाली जाण्याची माझी फार इच्छा आहे.