मुंबई ते न्यूयॉर्क १२,५५० किमी, मग १६ तास कसे?

ओंकार_प: मुंबई–न्यूयॉर्क (जेएफके विमानतळ) अंतर साधारण १२,५५० किमी दाखवतात. ताशी ९०० किमी धरले तर १४ तास. तिकिटावर मात्र जाताना १६ तास, येताना साडेचौदा. शिवाय जुलैमध्ये रात्री १:३० ला निघून त्याच सकाळी ८ ला पोहोच! हिशोब कसा लावायचा? पुढे रॅलेचं (नॉर्थ कॅरोलायना) विमान आहे, मध्ये किती वेळ ठेवू?

ध्रुवतारा: ते १२,५५० म्हणजे पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून मोजलेलं अंतर. दोरा खरंच ताणून बघा: मुंबईतून तो पश्चिमेला जातच नाही, वायव्येपेक्षाही बराच उत्तरेकडे झुकतो. पाकिस्तान, अफगाणिस्तान, कझाकस्तान, रशिया, फिनलंड, नॉर्वे, आइसलँड. सपाट नकाशा इथेच फसवतो.

या रेषेवरून विमानाला जाता येतंच असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली. अमेरिकी कंपन्या २०२२ पासून रशियावरून जात नाहीत. वळसा म्हणून ५ टक्के वाढवा, १३,२०० किमी धरा.

दुसरी गोष्ट वारा. जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा वेगवान वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. सबंध प्रवासात सरासरी ताशी ५० किमीचा फरक धरला तरी जाताना जमिनीच्या हिशोबाने वेग ८५०, येताना ९५०. म्हणजे साडेपंधरा तास आणि १३ तास ५४ मिनिटं. तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते, म्हणून टॅक्सी (विमानाचं जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जाणं-येणं), चढ-उतार यांचा अर्धा तास मिळवा. झाले १६ आणि जवळजवळ साडेचौदा. हिवाळ्यात वारा जोरात असतो, तेव्हा ही तफावत आणखी वाढते.

मीरा_जो: घड्याळाचं सांगते. दोन्ही टोकांच्या वेळा आधी भारतीय वेळेत आणा, मगच वजाबाकी करा. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत न्यूयॉर्क आपल्या ९:३० तास मागे, एरवी १०:३०. जुलैत सकाळी ८ म्हणजे इथे संध्याकाळचे ५:३०, म्हणून १६ तास. तेच विमान जानेवारीत १:३० ला निघालं आणि १६ तासच धरले तर तिथे ७ ला उतरेल. जुलैत परतताना सकाळी ११:३० ला निघालात तर मुंबईत दुसऱ्या दिवशी ११:३०. घ्यायला येणाऱ्यांना तारीख नीट कळवा, गोंधळ तारखेचाच होतो.

ध्रुवतारा: रॅलेसाठी किमान ३ तास ठेवा. बॅगेच्या टॅगवर रॅलेचा कोड असला तरी अमेरिकेत जिथे पहिल्यांदा उतराल तिथेच इमिग्रेशननंतर बॅग पट्ट्यावरून स्वतः घ्यावी लागते, कस्टम्स ओलांडून पुन्हा जमा करावी लागते, मग सुरक्षा तपासणी नव्याने. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर घ्या. पहिलं उशिरा आलं तर पुढची सोय कंपनी बघते. वेगळी तिकिटं असतील तर दुसरं बुडतं, तेव्हा मध्ये ५ तास तरी असू द्या. आणि पुढचं विमान लाग्वार्डियाहून नाही ना, ते आधी तपासा. तो वेगळा विमानतळ आहे, रस्त्याने जावं लागतं.