मदत हवी आहे: स्टोरीसाठी आधी माईक घेऊ की लाईट?

नमस्कार मंडळी. दादरला आमचं घरगुती मसाल्यांचं काम आहे. आई भाजते, मी फोनवर स्टोऱ्या टाकते. बजेट जेमतेम ३ हजार.

रिंग लाईट आणून पस्तावले. आईच्या चष्म्यात दोन पांढऱ्या बांगड्या चमकतात, स्टीलच्या डब्यांवर तर विचारूच नका! त्यापेक्षा छोटा एलईडी पॅनल बाजूला ठेवून, पुढे बटर पेपर लावला तर चालेल का? ट्यूबलाईटमुळे व्हिडिओत पट्टे सरकायचे. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग हाताने बदलता येतं) शटर १/५० सेकंद केल्यावर ते थांबले, तेवढं जमलं.

खरी डोकेदुखी आवाजाची. मिरची भाजताना एक्झॉस्ट बंद करता येत नाही (शेजारच्या काकू खोकत दारात येतात), आणि आईचं बोलणं त्यातच बुडतं. कॉलरला लावायचा वायरलेस माईक घ्यावा म्हणते. पण रिसीव्हर टाइप-सीमध्ये खोचला की चार्जिंगचं काय? नॉइज कॅन्सलेशनने आवाज डब्यातून आल्यासारखा होतो का? शिवाजी पार्कात वाऱ्यासाठी माईकवरची ती केसाळ टोपी पुरते का?

ट्रायपॉड आहे, गिंबल (हातातला फोन स्थिर ठेवणारा दांडा) नकोय. लॅमिंग्टन रोडला माईक लावून बघू देणारं दुकान माहीत असेल तर सांगा, शनिवारी जातेय.